नामदेवदादांचा श्वास आणि माझी डायरेक्ट तार

स्पीकर कशानं मेला हे मी वासावरून सांगतो. पावसात भिजून मेला असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, उंदरानं कुरतडला असेल तर उंदराचा. आणि आतली तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, जळली असेल तर करपलेल्या वार्निशचा. हा तिसरा वास एकदा नाकात बसला की घरी जेवताना भाकरीलासुद्धा तोच येतो. "आज कुणाची कॉइल जाळून आलात?" असं आमची ही ताट वाढतानाच विचारते. "कुणाची जळली" असं विचारायचं असतं, हे मी तिला तीस वर्षं सांगतोय. पण बाई मला ओळखून आहे.

सोलापुरात अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. किती दुरुस्त केले ते मोजलं नाही आणि किती बिघडवले ते मोजायची हिंमत नाही. दिवाळी अंकाला अनुभव द्या म्हटलं की लोक आपले पराक्रम लिहितात. माझ्या पराक्रमात सांगण्यासारखं काही नसतं. गिऱ्हाईक आलं, बिघाड सापडला, गिऱ्हाईक गेलं. म्हणून ज्या कामात मी भरदुपारी चपला टाकून पळालो, तेच लिहितो.

आधी धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढे मी का पळालो ते कळेल.

आवाज म्हणजे झोका. स्पीकरच्या पेटीत जो काळा कागदी कोन असतो, तो मधल्या जागेपासून पुढे जातो, मागे येतो, आणि आपल्याला ऐकू येतं. झोका केवढाही उंच गेला तरी थांबल्यावर मध्ये येऊन उभा राहतो. आता समजा, कुणी झोका एका बाजूला ओढून धरला आणि तिथल्या तिथेच हलवायला लागलं. झोका हलतोय, पण मध्ये कधी येतच नाही. सिग्नलचं असं झालं की आम्ही म्हणतो, डीसी आला. मग स्पीकरचा कोन आत ओढला जातो आणि तसाच राहतो. कॉइलमधून वीज वाहतच राहते. आमच्या धंद्यातले बाकीचे रोग बोलके. कुणी घरघरतं, कुणी खरखरतं, कुणी शिट्टी मारतं. हा एकटा मुका. पेटीतून काही ऐकू येत नाही आणि आत स्पीकर अंगात ताप असल्यासारखा तापत असतो.

यावर उपाय जुना आणि साधा. अ‍ॅम्प्लिफायरच्या दारातच एक कपॅसिटर बसवलेला असतो. जे हलतंय ते तो आत सोडतो, जे नुसतं उभं आहे त्याला बाहेर ठेवतो. शेंगदाण्याएवढी वस्तू, पण सगळी राखण तिच्यावर.

आणि ही राखण काढून टाकण्यात मी नाव कमावलं.

आमच्या भागात 'डायरेक्ट' हा शब्द फार लाडका. बटण बिघडलं, डायरेक्ट करा. फ्यूज सारखा उडतोय, डायरेक्ट करा. मधला जो भाग त्रास देतो तो उडवायचा आणि सरळ तार जोडायची. माळशिरसचा एक डीजेवाला होता. त्याला कुणीतरी सांगितलं की दारातला कपॅसिटर खालचा घुमारा, म्हणजे बेस, खातो. तो दुकानात येऊन छातीवर थाप मारून म्हणाला, "मामा, हितं वाजलं पायजे. कानात काय, कुणीबी वाजवतंय." मी कपॅसिटर कापला, तार टाकली. त्याच्या छातीत वाजलं. मग मोडनिंबचा आला, वैरागचा आला, आणि वर्षभरात माझं नाव पडलं डायरेक्टमामा. मला ते बिरुद वाटायचं.

शहरातल्या एका जुन्या वस्तीतल्या बुद्धविहारात रोज सकाळी वंदना लागते. ती नामदेवदादांच्या आवाजातली. दादा सूतगिरणीतून निवृत्त झालेले, उंच, सावळे, आणि अंधश्रद्धा म्हटली की बाह्या सरसावून उभे राहणारे. तिठ्यावर कुणी उतरून टाकलेलं लिंबू दिसलं की उचलायचे आणि घरी सरबत करून प्यायचे. माझ्या दुकानावरची लिंबूमिरची एकदा त्यांनी माझ्यादेखत तोडली. लिंबू हुंगून ठेवून दिलं आणि मिरच्या खिशात घातल्या. "आमटीला व्हतील," म्हणाले.

ते गेले. नंतर त्यांच्या मुलीला, सुजाताला, कपाटात एक पेनड्राइव्ह सापडला. त्यात दादांनी म्हटलेली सबंध वंदना. कुणी रेकॉर्ड केली, कधी केली, तिला माहीत नव्हतं. तिनं ती आपल्या जुन्या मोबाइलमध्ये भरली आणि मोबाइल विहाराला दिला. हेडफोनच्या भोकात वायरची पिन घालायची, दुसरं टोक अ‍ॅम्प्लिफायरला, की झालं. पंचायत समितीत नोकरी करणारी, वडिलांसारखीच सरळ बोलणारी बाई. अ‍ॅम्प्लिफायर घेऊन ती माझ्याकडे आली.

"मामा, बाबांचा आवाज पोटातनं यायचा. ह्यातनं नाकातनं येतोय."

"थांब," मी म्हणालो, "डायरेक्ट करतो."

पाच मिनिटांचं काम. दादांचा आवाज खरंच पोटातून यायला लागला. सुजाताच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी कॉलर ताठ केली.

महिन्याभरात पेटीतला स्पीकर जळाला. मी नवा बसवला. तोही जळाला. मी म्हणालो व्होल्टेज. तिसराही गेला. मी म्हणालो उन्हाळा. मग विहाराच्या समितीचे बनसोडे साहेब स्वतः दुकानात आले. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, प्रत्येक शब्दावर शिक्का मारून बोलणारे गृहस्थ.

"हे बघा, आम्ही तसलं काही मानत नाही," ते म्हणाले. "पण गाणी लावली तर काही होत नाही. भाषणं लावली तर होत नाही. नामदेवदादांची वंदना लावली की स्पीकर जळतो. याला तांत्रिक कारण असणार. तुम्ही तांत्रिक माणूस. येऊन बघा."

घरी जाऊन त्यांनी सांगितलं की उद्या तांत्रिक येणार आहे. वस्तीनं त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

मी गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. वैशाखातली सोलापूरची दुपार ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून कळायचं नाही. रस्त्यावर माणूस नाही. कुत्री गटारीत पाय सोडून पडलेली. विहाराच्या अंगणात पिंपळ. ज्या झाडाखाली त्यांच्या भगवंतांना बोध झाला, त्याच झाडावर माझ्या वैरागच्या आईच्या हिशेबानं मुंजा राहतो, आणि तो बाराच्या ठोक्याला खाली उतरतो. एकही पान हलत नव्हतं. सुजातानं कुलूप उघडून दिलं आणि ऑफिसला निघून गेली.

आत गारवा होता. मूर्तीसमोर वाळलेली फुलं, भिंतीला दादांचा फोटो. मी पेटीची जाळी काढली, जळक्याच्या जागी चौथा स्पीकर बसवला आणि त्या उघड्या स्पीकरसमोर मांडी घालून बसलो. एक गाणं लावलं. कोन नाचला, गाणं संपलं, कोन जागेवर. भाषण लावलं. तेही ठीक.

मग दादांची वंदना लावली.

थप्प.

दारावर कुणी तळहात मारावा तसा एकच ठोका. आणि माझ्या डोळ्यांसमोर कोन आत गेला. आत जाऊन थांबला. आवाज नाही. माणूस बोलण्याआधी छाती भरून श्वास घेतो आणि धरून ठेवतो, तसा तो कोन धरून बसला होता. मी कान लावला. काही नाही. तळहात जवळ नेला. ऊब लागली. पंखा बंद, खोली गार, आणि त्या काळ्या कागदातून माणसाच्या अंगासारखी ऊब येत होती.

शहाण्या कारागिरानं इथे मीटर काढला असता. मी हात जोडले आणि विचारलं, "दादा?"

आणि दादा बोलले.

वंदनेचा पहिलाच शब्द. तोच भरदार, पोटातला आवाज, माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर. आता कळतं की रेकॉर्डिंगची सुरुवातीची शांतता नेमकी तेव्हा संपली. पण मला तेव्हा एवढंच कळलं की मी हाक मारली आणि ओ आली. मी उठलो तो थेट रस्त्यावर. मीटर आत, पिशवी आत, चपला दारात. डांबर इतकं तापलेलं की मी पळत होतो का नाचत होतो ते बघणाऱ्यालाच माहीत. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत शिरलो. टपरीवाला म्हणाला, "काय झालं ओ मामा? चपला कुटं हायत?"

"दादा आत हायत," मी म्हणालो. "श्वास घ्यायलेत."

हे वाक्य मी परत घेऊ शकलो असतो तर अर्धं आयुष्य दिलं असतं. संध्याकाळपर्यंत ते वस्तीभर झालं. तांत्रिक आला, दादांना बोलवलं, दादा आले, तांत्रिक पळाला. दुसऱ्या दिवसापासून वंदनेला माणसं कमी यायला लागली. कुणी कबूल करत नव्हतं. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाला नळाला पाणी यायची वेळ होती.

चार दिवसांनी सुजाता दुकानात आली. हातातली पिशवी तिनं काउंटरवर उपडी केली. माझ्या चपला.

"मामा, माझ्या बाबांनी जन्मभर लोकांच्या डोक्यातली भुतं काढली," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "आणि तुमी त्यांचंच भूत केलंत की ओ."

मी चपला काउंटरखाली सरकवल्या.

"पौर्णिमेला समितीची बैठक हाय. बनसोडे काका म्हणतात, दुसऱ्या कुणाची वंदना इंटरनेटवरनं काढून लावू, वाद नको. लावा म्हणंल मी. पण मग बाबांचं काय ऱ्हाईल वस्तीत? लिंबाचं सरबत पिणारा माणूस, मेल्यावर स्पीकरात बसून लोकांना भ्या दाखवतोय. एवढंच."

"अ‍ॅम्प्लिफायर घेऊन ये," मी म्हणालो. "मोबाइलपण आण. मी बघतो."

"माझ्यासमोर बघायचं."

रविवारी दुपारी ती स्टुलावर हाताची घडी घालून बसली. मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा, जे पहिल्या स्पीकरच्या वेळीच करायचं होतं ते केलं. स्पीकर जोडलाच नाही. त्याच्या जागी काट्याचा जुना मीटर जोडला आणि वंदना लावली. काटा सरकन वर चढला आणि तिथेच उभा राहिला. शांतता चालू होती. काटा हलेना.

"हे काय?" सुजातानं विचारलं.

"दादा..."

"मामा!"

"दादांचं रेकॉर्डिंग म्हणतोय मी. डीसी हाय त्यात."

झाकण उघडलं. दारात कपॅसिटरच्या जागी सरळ तार. सोल्डरच्या डागावर लाल ठिपका. माझं काम ओळखू यावं म्हणून मी बायकोचं नेलपॉलिश लावतो, ते. सुजातानं विचारलं, "ही तार कुणी टाकली?"

"डायरेक्टमामानं," मी म्हणालो, जसा काही तो शेजारच्या गल्लीत राहतो.

तार काढली, नवा कपॅसिटर लावला. वंदना पुन्हा सुरू केली. काटा दचकल्यासारखा उडाला आणि लगेच शून्यावर येऊन बसला. मी तिला झोक्याची गोष्ट सांगितली. बाकीची गाणी मध्ये उभी राहणारी, म्हणून त्यांना काही होत नव्हतं. दादांचं रेकॉर्डिंग मुळातच एका बाजूला ओढलेलं. तिचा मोबाइल ते जसंच्या तसं बाहेर सोडतो. दारावरचा राखणदार मी काढलेला. म्हणून वंदना लागली की कोन आत जायचा, संपेपर्यंत आतच राहायचा, आणि कॉइल भाजत राहायची.

"म्हणजे झालं?"

"दार लागलं. पण रेकॉर्डिंगमधला दोष तसाच हाय. उद्या दुसऱ्या कुणी दुसऱ्या मशिनला लावलं तर परत जळंल. तोबी काढू."

फाइल कॉम्प्युटरवर घेतली. मूळ प्रत आधी बाजूला ठेवली. हे शहाणपण माझं नाही, सुजाताचं. आवाजाचं चित्र पडद्यावर आलं. शांततेची रेघ बरोबर मधल्या रेघेवर पडायला हवी. ती बोटभर वर, अधांतरी चालली होती. मी मोठ्या आत्मविश्वासानं एक गाळणी, म्हणजे फिल्टर, लावली. डीसी गेला आणि त्याबरोबर दादांचं पोटही गेलं. सर्दी झालेल्या माणसासारखे बोलायला लागले. सुजातानं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी सगळं मागे घेतलं आणि साधा मार्ग धरला. लाट सरासरी किती वर उचललेली आहे ते काढायचं आणि सबंध लाट तेवढीच खाली ठेवायची. बाकी कशाला हात लावायचा नाही. रेघ खाली उतरून मध्ये बसली. आवाज जिथल्या तिथे.

"आता बघ," मी म्हणालो. "ह्या सुरवातीच्या शांततेत काय नव्हतंच, हे तुला दाखवतो." आणि त्या रिकाम्या दहाबारा सेकंदांचा आवाज पार वर चढवला. रेघ मध्ये आल्यामुळे आता तो चढवता येत होता.

आधी सूं सूं असा वारा ऐकू आला. मग, माइकपासून लांब उभं राहून बोललेला, विहिरीच्या तळातून यावा तसा, दादांचा आवाज.

"लागलं का रे?"

सुजाता स्टुलावरून उठली. वंदनेत हे शब्द नव्हते.

आणि दुसरा कुणीतरी बोलला. "लागलं की दादा. जरा थप्प व्हतंय सुरवातीला."

माझ्या हातावर काटा आला. हा आवाज मी कुठेतरी ऐकला होता, आणि कुठे ते आठवत नव्हतं. बारीक, घाईतला, लाडात आलेला.

"मग नीट कर की," दादा म्हणाले.

"असू द्या ओ! ऐकणाऱ्याला काय कळतंय? तुमी बोला. मी हाय हितं."

सुजाता हळूहळू माझ्याकडे वळली. "मामा," ती म्हणाली, "हा तुमचा आवाज हाय."

आपला आवाज बाहेरून कसा येतो हे आपल्याला माहीत नसतं. मी अनोळखी माणसाकडे बघावं तसा त्या पडद्याकडे बघत राहिलो. मग आठवलं. कधीतरी विहारातल्या एका कार्यक्रमाचा माइक माझ्याकडे होता. कार्यक्रमाआधी दादा म्हणाले होते, एकदा वंदना भरून ठेव. माझ्याकडे आवाज भरायला लॅपटॉपला लावायची एक स्वस्तातली डबी होती आणि ती सिग्नल एका बाजूला ओढते हे मला पक्कं माहीत होतं. भरून दिलं आणि विसरलो. त्या काळी दिवसाला दहा जणांना काहीतरी भरून देत होतो. म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये डीसी घालणारा मी, दार काढणारा मी, तीन स्पीकर जाळणारा मी, आणि भूत बघून पळालेलाही मीच. सगळ्या भूमिका एकहाती.

एवढ्यात रेकॉर्डिंगमध्ये दादा हसले. माझ्या बोलण्यावर. छोटंसं, नाकातून सुटलेलं हसू. मग घसा खाकरला आणि वंदना सुरू झाली.

"परत लावा," सुजाता म्हणाली.

मी लावलं. तिनं चार वेळा ऐकलं. वंदना नाही, तेवढं हसूच. शेवटी म्हणाली, "मला ते कसं व्हतं ते आठवायचंच बंद झालं व्हतं."

पौर्णिमेला संध्याकाळी विहार भरला होता. पुढे पांढऱ्या साड्यांतल्या बायका, मागे पुरुष, आणि भीती वाटणारे दारापाशी. मी माइकसमोर उभा राहिलो. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांचे माइक नीट केले त्याला माइकसमोर घाम फुटतो, हे तुम्हाला सांगून ठेवतो. मीटर दाखवला. जुनी तार दाखवली. झोका सांगितला. मग म्हणालो, "ह्यात दादा नव्हते. ह्यात माजी चूक व्हती. दोनदा केलेली."

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं मान वर केली. "मग तू पळालास कशाला रं?"

"भ्यालो की आजी."

"कुणाला?"

"...कोनाला."

सगळा विहार हसला. "कुणाला" आणि "कोनाला" यातला फरक त्या बाईला समजला असेल असं वाटत नाही, पण हसली तीही. बनसोडे साहेबांनी उठून ठेवणीतल्या आवाजात जाहीर केलं की तांत्रिक कारण सापडलं आहे, आणि पुढे घाईघाईनं जोडलं, "तांत्रिक म्हणजे टेक्निकल!"

मग वंदना लावली. थप्प झालं नाही. कोन आत ओढला गेला नाही. दारापाशी उभी असलेली माणसं एकेक करून आत आली आणि बसली. बैठकीत इंटरनेटचा विषय कुणी काढला नाही.

निघताना मी सुजाताला म्हणालो, "तेवढं सुरवातीचं बोलणं कापून देतो. वंदनेच्या आधी बरं दिसत न्हाय."

"कापायचं न्हाय," ती म्हणाली. "उलट मोठं करून द्या. लोकांना ऐकू दे, बाबा हसायचे ते."

"अगं, त्यात माजं..."

"तेबी ऐकू दे की."

तिनं शिक्षा दिली का माफी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हापासून त्या वस्तीत रोज सकाळी वंदनेआधी माझा आवाज घुमतो. ऐकणाऱ्याला काय कळतंय? मग दादा हसतात. कधी त्या बाजूनं जाणं झालं आणि वेळ सापडली, तर मी कोपऱ्यावर थांबतो. अंगावर काटा येतोच. दादांच्या आवाजाचा आता येत नाही, माझ्या आवाजाचा येतो. एक दिवस मी नसेन, आणि तरी त्या पेटीतून रोज सांगत राहीन, मी हाय हितं. त्या वेळी कुणीतरी नवा माणूस नक्की दचकणार. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी रंगानं लिहून ठेवलंय: 'डायरेक्ट करू नये. आत कुणी नाही.'

वस्तीतली पोरं मात्र भीत नाहीत. माझा आवाज आला, प्रश्न विचारून झाला, की दात घासता घासता गल्लीतून ओरडतात,

"कळतंय की ओ मामा!"